रत्नागिरीत शिकायला येताय? समुद्र बंद होतो तेव्हा कॉलेजं उघडतात

काजळीकाठ (धागाकर्ती)

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरीबद्दल तेच प्रश्न सुरू होतात. खोली कुठे बघावी, खानावळ मिळते का, गाडी न्यावी का, पावसात निभतं का. उत्तरं दहा ठिकाणी विखुरली आहेत, म्हणून हा एकच धागा. ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते त्याने लिहावं. "आमच्या वेळी" नको, नव्या पोरांच्या हाताशी लागेल असं हवं.

गावाबद्दल एक गोष्ट आधी समजून घ्या, बाकीचं आपोआप उलगडतं. इथली कॉलेजं भरायला लागतात ती नेमकी समुद्र बंद असताना. १ जूनपासून यांत्रिक मासेमारीला बंदी, मिरकरवाडा बंदरात होड्या शाकारलेल्या, बाजारात खाडीचं मासळं आणि सुकट. नव्या मुलांनी ज्या समुद्राची चित्रं बघून येण्याचं ठरवलेलं असतं, तो पहिले काही महिने गढूळ आणि खवळलेला असतो. घाबरू नका, ऑक्टोबर येतो.

पूर्वी याचा अर्थ फार कडक होता. मुंबईची आगबोट खोल पाण्यात उभी राहायची, उतारू आणि सामान पडावातून धक्क्याला यायचं. पावसाळ्यात बोटीच बंद, मग घाटाने कोल्हापूरकडे जाणं एवढंच उरायचं. १९४५ साली रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीने कॉलेज काढलं, तेच आजचं गोगटे-जोगळेकर. तोवर मॅट्रिकच्या पुढे शिकायचं तर पुणे, मुंबई, सांगली नाहीतर कोल्हापूर गाठावं लागे, आणि जूनमध्ये बाहेर पडलेला मुलगा बोटी सुरू होईपर्यंत समुद्रमार्गे घरी येऊ शकत नसे. गावात कॉलेज येण्याचं मोल बोटींच्या वेळापत्रकाशी ताडून बघितलं तरच कळतं.

आता शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे (१९८१, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं), मिरजोळे एमआयडीसीत फिनोलेक्सचं अभियांत्रिकी (१९९६), शासकीय तंत्रनिकेतन, मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर, आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. मुलं गावाच्या चारी अंगांना पांगलेली आहेत. त्यामुळे "चांगला एरिया कुठला" याला एक उत्तर नाही. कॉलेज कुठलं ते आधी सांगा, मग खोलीचं बोलू.

पडवी

खोलीचं मी लिहिते. भाडं, डिपॉझिट हे सगळीकडे सारखंच, त्यात वेळ घालवत नाही. रत्नागिरीत खोली बघायची ती भिंत बघून.

इथली जुनी घरं जांभ्याच्या चिऱ्याची. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो, पण त्याच्या अंगाला भोकं असतात आणि तो पाणी पितो. वर्षाचा पाऊस सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर, आणि तो पश्चिमेकडून, नैऋत्येकडून तिरपा येतो. यालाच झड म्हणतात. तेव्हा मे महिन्यात खोली बघायला गेलात तर भिंत कोरडी दिसणारच. त्या कोरड्या भिंतीवर फसू नका. हे बघा:

पश्चिम आणि दक्षिण बाजूची भिंत बाहेरून गिलावा केलेली आहे का? छपराची पागोळी भिंतीपासून निदान अडीच-तीन फूट लांब पडते का? तिथे पडवी किंवा पत्र्याची शेड असेल तर उत्तम. आतून गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत हात फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली किंवा रंगाचे पापुद्रे सुटले असतील तर भिंतीला लोणा लागलाय, म्हणजे ओल खालून चढते. ती रंगाने जात नाही. पलंगामागे, कपाटामागे नवीन रंगाचा एकच चौकोन दिसला तर कपाट सरकवून मागे बघा.

जुन्या घरांत पश्चिमेच्या भिंतीला पावसाआधी नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायची रीत होती. आता तिथे हिरवी जाळी नाहीतर प्लास्टिक येतं. प्लास्टिक भिंतीला चिकटवून बांधलं तर आतली वाफ कोंडून भिंत उलट जास्त घामेजते. भिंत आणि कापड यांच्यात वीतभर जागा ठेवायला घरमालकांना सांगा, बांबूच्या दोन आडव्या काठ्यांवर काम होतं.

पलंग भिंतीपासून सहा इंच पुढे. गादी जमिनीवर टाकून झोपत असाल तर जून ते सप्टेंबर नको, पंधरा दिवसांत खालच्या बाजूला काळे ठिपके येतात. निदान लाकडी फळ्या घाला आणि रोज सकाळी गादी उभी करा.

घाटमाथा

पडवीताई, फार कामाचं लिहिलंत. आमच्याकडे साताऱ्याला ओल हा विषयच नाही, म्हणून विचारते. पुस्तकं, कागदपत्रं, लॅपटॉप यांचं काय करायचं? आणि कपडे वाळतात तरी का?

पडवी

कपडे आधी. वाळत नाहीत, ते वाळवावे लागतात. धुतल्यावर पिळून सुक्या पंचात गुंडाळून पुन्हा एकदा पिळा, मग पंख्याखाली दोरीवर, दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवून. जीन्स आणि जाड टॉवेल पावसाळ्यात आणूच नका. सुती पंचे आणा, चार. अर्धवट वाळलेला कपडा घडी करून कपाटात ठेवला तर बाकीचे सगळे कपडे आंबूस होतात, आणि तो वास गरम पाण्याच्या धुण्याशिवाय जात नाही.

कपाटासाठी कळीचा चुना. पाव किलो चुना मातीच्या नाहीतर जाड प्लास्टिकच्या भांड्यात, भांडं निम्म्याहून जास्त भरायचं नाही, वर फडकं बांधायचं. हवेतलं पाणी पिऊन तो फुगतो आणि त्याची पूड होते. काठोकाठ भरलेलं भांडं त्या फुगण्याने तडकतं आणि चुना कपड्यांवर सांडतो. खडे जाऊन सगळी पूड झाली की त्याचं काम संपलं, बदला. त्यावर पाणी पडू देऊ नका, एकदम तापतो आणि भाजतो. हाताळताना डोळ्यांपासून लांब. हे जमणार नसेल तर सिलिका जेलच्या पुड्या आणा, त्यातले दाणे कोरड्या तव्यावर मंद आचेवर शेकून पुन्हा वापरता येतात.

गुणपत्रिका आणि दाखले झिपच्या पिशवीत, दोन पुड्या आत, पिशवी स्टीलच्या डब्यात. मूळ कागद लॅमिनेट करू नका. आत ओल राहिली तर शाई पसरते, आणि पुढे त्यावर शिक्का मारून घ्यायची वेळ आली की अडतं.

लॅपटॉप रोज तासभर तरी चालू ठेवा, त्याची स्वतःची ऊब त्याला वाचवते. महिनाभर बॅगेत पडून राहिलेला लॅपटॉप बिघडतो. समुद्राजवळच्या खोल्यांत चार्जिंगच्या खाचेला हिरवट थर धरतो, तो खाऱ्या हवेचा. मऊ कोरड्या ब्रशने आठवड्याला साफ करायचा, ओल्या फडक्याने नाही. मे अखेर आणि ऑक्टोबर हे दोन विजांचे काळ. कडकडाट सुरू झाला की पिन काढून ठेवायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

सुकती

समुद्राचं माझ्याकडून. इथे ओहोटीला सुकती म्हणतात, तेव्हा मासळीवालीने "सुकतीला ये" म्हटलं तर गोंधळू नका.

भरती कधी हे बघायला मोबाईल लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. पक्ष कुठलाही असो. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण म्हणजे ३. दुपारी तीनला भरती, पहाटे तीनच्या सुमारासही. तिथून सव्वासहा तास पुढे पूर्ण सुकती, म्हणजे सव्वानऊ. अष्टमीला ८ गुणिले पाऊण, सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, कारण हा ढोबळ ठोकताळा आहे. तसंच मुंबईच्या वेळा इथे जशाच्या तशा लावू नका. भरतीची लाट दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे रत्नागिरीला पाणी मुंबईच्या आधी चढतं.

वेळेइतकंच पाणी किती चढणार हेही बघायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. उधाणाला पाणी जितकं वर येतं तितकंच ते खालीही उतरतं. सर्वांत मोठा फरक पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. म्हणून भाट्ये किनाऱ्याच्या वाळूत सकाळी लांब चालायचं असेल तर द्वितीया-तृतीया धरा. द्वितीयेला दीडला भरती, पावणेआठला सुकती. वाळू टणक, किनारा रुंद, शिंपल्या पसरलेल्या.

आता पोहण्याचं, हे प्रत्येकाने वाचावं. भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते. सुकती लागली की खाडीतलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर धावतं, आणि पावसात त्यात नदीचं पाणी भर घालतं. वरून पाणी शांत, लाटा कमी दिसतात. लाटा कमी म्हणून तिथेच उतरावंसं वाटतं, आणि तीच जागा सर्वांत वाईट. चांगला पोहणाराही त्या ओढीविरुद्ध येऊ शकत नाही. चुकून ओढले गेलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. ओढ आडवी कापत बाजूला जा, ती पट्टी संपली की मग किनाऱ्याकडे. जून ते सप्टेंबर गुडघ्याच्या वर पाण्यात जायचंच नाही, कुठल्याही किनाऱ्यावर. मित्रांनी आग्रह केला तरी नाही.

समुद्र किती जोराचा असतो त्याचा दाखला हवा असेल तर ३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचं मालवाहू जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं, आणि पुढे कैक पावसाळे तिथेच होतं.

रापण

सुकतीला अनुमोदन. त्या खाडीच्या तोंडाची पाटी लावायला हवी.

मासळीबद्दल थोडं, कारण खोलीवर चूल पेटवणारी मुलं इथे सगळ्यात जास्त चुकतात. लहान मासळी वाट्याने मिळते, मोठी किलोने किंवा नगावर. वाटा घेताना वरचा मासा बघू नका, खालचा उलटवून बघा. डोळा फुगीर आणि काळाभोर, कल्ला उघडल्यावर लाल, पोटावर बोट दाबल्यावर खळगा भरून यायला हवा. कल्ला तपकिरी आणि डोळा आत गेलेला असेल तर कितीही स्वस्त असो, सोडा.

बांगड्याचं खास सांगायचंय. स्वस्त, चविष्ट, म्हणून मुलं तोच घेतात. बांगडा, सुरमई, कुपा या जातीच्या मासळीत एक रसायन नैसर्गिकरीत्या भरपूर असतं, आणि मासा ऊबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. मग जेवल्यावर थोड्या वेळात तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर पित्त उठणं. मुलांना वाटतं मासळीची ॲलर्जी आहे. बहुतेकदा ती ॲलर्जी नसते, मासा बर्फाविना राहिलेला असतो. शिजवून, तळून हिस्टामिन जात नाही. कोकमाचं आंबट आगळ लावूनही नाही. त्यामुळे सकाळी घेतलेला बांगडा पिशवीत घालून लेक्चरला जायचं आणि संध्याकाळी तळायचा, हे करू नका. घेताना डबा न्या, मासळीइतकाच फोडलेला बर्फ वजनाने, एक थर बर्फ, एक थर मासा, वर पुन्हा बर्फ. खाली पाणी निथळायला जागा हवी, नाहीतर मासा वितळलेल्या पाण्यात भिजून मऊ पडतो. साफ करताना पोटातली काळी त्वचा आणि कल्ले पूर्ण काढा, मीठ आणि आगळ लावून दहा मिनिटं, मग धुऊन मसाला.

बी.एफ.एस्सी.बद्दल (मत्स्यविज्ञानाची पदवी) विचारणाऱ्यांसाठी: चार वर्षांचा अभ्यासक्रम, बारावीला जीवशास्त्र आणि सीईटी लागते. "मासे पकडायला शिकवतात" हा गैरसमज घरच्यांचा असतो. मत्स्यशेती, मासळीवरची प्रक्रिया, जाळी आणि नौका, पाण्याची तपासणी, माशांचे रोग असं सगळं त्यात येतं. रबरी गमबूट आणि जुने कपडे दोन जोड घेऊनच या, तळ्याच्या चिखलाचा डाग निघत नाही. झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र १९५८ पासून आहे. तिथलं मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा बाहेरच्या कुणालाही बघता येतो. वाणिज्य शाखेची मुलंसुद्धा तिथे जाऊन आली तर बाजारातल्या टोपलीकडे वेगळ्या नजरेने बघतील.

जांभादगड

इतिहासाचं राहिलं. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर (२३ जुलै १८५६) आणि रत्नदुर्ग सगळ्यांना माहीत असतात, ते पटकन उरकतो. किल्ला घोड्याच्या नालासारखा, तीन बाजूंनी समुद्र, आत भगवतीचं देऊळ. १६७० मध्ये तो शिवाजी महाराजांकडे आला. दीपगृह १८६७ चं. वरून उभं राहिलं की एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा दिसतो. पाणी दोन्हीकडे तेच, फरक वाळूचा. काळ्या वाळूत इल्मेनाईटसारखी जड, लोहयुक्त खनिजं असतात. लोहचुंबक कागदात गुंडाळून त्या वाळूतून फिरवा, काळे कण चिकटून येतात.

थिबा राजवाड्यावर मात्र थांबायला हवं. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८५ च्या युद्धात हरला, इंग्रजांनी त्याला आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. का इथे? कारण या धाग्याच्या शीर्षकातच आहे. पावसाळाभर समुद्र बंद, पाठीमागे घाट, रेल्वे नाही. पळून जाणार कुठे? इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला ठेवलं आणि मंडालेच्या राजाला रत्नागिरीला. राजवाडा मात्र त्याला १९१० मध्ये मिळाला. तोवर साहेबांच्या बंगल्यांत वर्षं काढली, आणि राजवाड्यात तो जेमतेम सहा वर्षं राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये गेला. राणी सुपयालत पुढे मायदेशी परतली, थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीचीच झाली. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या थडग्याशी येऊन गेले.

राजवाडा बघताना अर्धगोल खिडक्यांची रंगीत काच, उतरतं छप्पर आणि लांब सज्जे बघा. पडवीताईंनी भिंतीला जी सावली मागितली तीच तिथे राजेशाही मापात दिली आहे, म्हणून जांभ्याची ती इमारत इतके पावसाळे सोसून उभी आहे. आत संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं.

इंग्रजांनी हेच गणित पुन्हा वापरलं. सावरकरांना १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं. त्याच काळात, १९३१ साली, भागोजीशेठ कीरांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभं राहिलं. तिथे कुठल्याही जातीच्या माणसाला गाभाऱ्यापर्यंत जाता येत होतं.

काजळीकाठ

जांभादगड, नगर वाचनालय राहिलं की. १८२८ चं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी. पहिल्याच आठवड्यात सभासद व्हा. खोलीवर लाईट गेली की अभ्यासाला यापेक्षा चांगली जागा नाही.

जांभादगड

खरंय, ते पहिल्यांदा यायला हवं होतं.

आंबाघाट

प्रवासाचं थोडक्यात. कोकण रेल्वेचं स्टेशन गावापासून लांब आहे, रात्रीच्या गाडीने येणार असाल तर रिक्षाचं आधी ठरवा. पावसाळ्यात गाड्यांचं वेगळं वेळापत्रक लागतं, कारण डोंगर कापून काढलेल्या मार्गावर दरड आणि माती येते, म्हणून वेग कमी ठेवतात. जुन्या वेळेवर विसंबून परीक्षेला निघू नका. गणपतीचं तिकीट आरक्षण उघडतं त्या सकाळीच काढायचं, दुपारी मिळत नाही.

गाडी आणणार असाल तर: भाट्याच्या पुलावरून रोज जाणं असेल तर आठवड्याला गोड्या पाण्याने खालची बाजू धुवा आणि वाळल्यावर साखळीला तेल. धुताच ओल्या साखळीवर तेल घातलं तर पाणी आत अडकतं आणि गंज आतून धरतो. लाल मातीचा चिखल मडगार्डच्या आत थरावर थर बसतो, तो काठीने खरवडा. कातळावरच्या रस्त्यांवर शेवाळ धरतं, वळणावर पुढचा ब्रेक दाबू नका.

आणि पाणी. एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात टंचाई असते. जांभ्याचा कातळ पाणी धरत नाही, ते झिरपून खाडीला जातं. गावाला पाणी शीळ धरणाचं. खोली घेताना आवारात विहीर आहे का आणि ती एप्रिलअखेर आटते का, हा प्रश्न घरमालकांऐवजी शेजाऱ्यांना विचारा. माणशी पन्नास लिटरचं पिंप ठेवा, झाकणाचं.

घाटमाथा

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. घरची मंडळी मुलीला सोडायला येणार आहेत, रविवारी पंचमी आहे. किल्ला आणि भाट्ये दोन्ही एका दिवसात करायचं तर आधी काय?

सुकती

पंचमी, म्हणजे ५ गुणिले पाऊण, पावणेचारला भरती, सकाळी साडेनऊ-दहाला पूर्ण सुकती. सकाळी आठला भाट्याला जा, पाणी अजून उतरत असेल, म्हणून खाडीच्या तोंडापासून लांब, सुरूच्या बनाच्या बाजूला राहा. साडेदहापर्यंत परत निघा. दुपारी पाऊस नसेल तर राजवाडा, आणि साडेचारला किल्ल्यावर. तेव्हा भरती भरलेली असते, कड्याखालच्या गुहेत लाटा आदळताना आवाज वरपर्यंत येतो. मुलांना कठड्यापासून लांब धरा, चिरे शेवाळलेले असतात.